माटुंगा

माटुंगा : मुंबई शहराच्या उत्तर भागातील एक जुने गाव व विसाव्या शतकात योजनापूर्वक वसविण्यात आलेला वस्तीविभाग. सु. १९° १′ उ. अक्षांश व ७२° ५१′ पू. रेखांशावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या उत्तरेस लोहमार्गाने सु. १० किमी. अंतरावर तो वसला आहे. याच्या दक्षिणेस दादर, उत्तरेस शीव, पूर्वेस वडाळा, पश्चिमेस माहीम व वायव्येस धारावी हे विभाग आहेत. मध्य व पश्चिम रेल्वेचे मार्ग या विभागातून समांतर गेले असून त्यांवर अनुक्रमे माटुंगा व माटुंगा रोड ही स्थानके आहेत. वडाळा व माहीम यांना जोडणाऱ्या मार्गावरील किंग्ज सर्कल हे तिसरे स्थानक. या लोहमार्गांमुळे माटुंग्याचे स्वाभाविकपणेच तीन भाग पडतात : मध्य रेल्वेच्या पूर्वेकडील नियोजित निवासी भाग, पश्चिम रेल्वेपलीकडील माहीमला लागून असलेला भाग आणि दोहोंमधला रेल्वे कारखान्याचा व त्याच्या उत्तरेकडील श्रमिक वस्त्यांचा पट्टा. महानगरपालिकेच्या कारभारात पूर्वेकडील भाग एफ/उत्तर विभागात, तर पश्चिमेकडील भाग जी/उत्तर विभागात मोडतो. एफ/उत्तर विभागाचे कार्यालय माटुंग्यातच भाऊ दाजी मार्गावर आहे. माटुंग्याला स्वतःची नगरपालिका कधीही नव्हती. तथापि स्वतंत्र बाजारपेठ, देवळे, शाळा, महाविद्यालये, क्रीडासंस्था व सभागृहे यांमुळे त्याला मोठ्या शहरातील छोट्या गावाचे रूप आले आहे. हे रूप आपोआप आलेले नाही. एका साथीच्या रोगामुळे झालेला कायदा, त्या कायद्याने आखलेले भूखंड आणि त्या भूखंडांवर पुढे अनपेक्षितपणे येऊन राहिलेले लोक, यांतून ते घडले.

नाव व पूर्वेतिहास : माटुंगा हे नाव ‘मातंग’ म्हणजे हत्ती या शब्दावरून आले व माहीमला राजधानी करणाऱ्या भीमराजाची (बिंबाची) हत्तीशाळा येथे होती, अशी परंपरागत समजूत आहे. माहीमच्या या राजवटीच्या आठवणी महिकावतीच्या बखरीत आल्या असून वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. हत्तीशाळेला मात्र परंपरेपलीकडे भक्कम आधार नाही. गावाचे जुनेपण अधिक निश्चितपणे दाखविणारी खूण म्हणजे पूर्व माटुंग्यातील मरुबाई गावदेवीचे देऊळ. नियोजित रस्त्यांच्या मधोमध राहिलेले हे ग्रामदेवतेचे स्थान, भूखंड आखले जाण्यापूर्वी येथे गाव नांदत होते याची साक्ष देते.

मुंबईच्या सात बेटांपैकी परळ बेटाच्या उत्तर भागात माटुंगा, शीव व धारावी ही गावे मोडत. १५३४ च्या वसईच्या तहाने ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्रज राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने १६८९–९० मध्ये मुंबईवर स्वारी केली, तेव्हा बेटाच्या या उत्तर भागाला मोठी झळ पोहोचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीचे खिंडार बांधाने बंद झाले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांधरस्ता साष्टीला जोडला गेला आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यामुळे पूर्वी बेटाच्या टोकाला असलेली ही गावे वाहतुकीच्या वाटेवर आली. त्यांचे स्वरूप मात्र ग्रामीणच राहिले. सखल जमिनीत भातशेती, खाडीकडे खाजणे व मिठागरे, उंचवट्यांवर माड-ताडाच्या बागा आणि त्यांच्या आश्रयाने आगरी, कोळी, भंडारी इ. जमातींची वस्ती, असे एकोणिसाव्या शतकातील या भागाचे चित्र होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या मुंबई सैन्यातील तोफखान्याचे ठाणे माटुंग्यास होते. दलदलीच्या शेजारामुळे येथील हवा रोगट ठरली आणि ते ठाणे पुढे हलविण्यात आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी या गावाजवळून गेली. पण शहर अद्याप दूर दक्षिणेस असल्याने तिच्यामुळे येथील वस्ती वाढली नाही. शहराला जे आपल्यात नको असे, ते या टोकाला पाठविले जाई. माटुंगा–वडाळ्याच्या सीमेवर १८९० मध्ये निराधार कुष्ठरोग्यांसाठी उघडलेला आश्रम हे याचे उदाहरण होय. तो स्थापन करण्यात पुढाकार घेणारे महापालिका आयुक्त एच्. ए. ॲकवर्थ यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे (१८९१) ॲकवर्थ ते हेच.

सुधारणा योजना : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचा उद्‌भव झाला. मृत्यू व स्थलांतर यांमुळे शहराची लोकसंख्या १८९१ मधील ८,२१,७६४ वरून १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत उतरली. दाटीच्या, अंधाऱ्या व कोंदट घरांत रोग फैलावतो, असे त्या काळच्या आरोग्यशास्त्राचे मत होते. त्यानुसार १८९८ मध्ये खास कायदा होऊन मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. लोकांच्या तोंडी ते ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ या नावाने रुळले. दक्षिणेकडील गलिच्छ वस्त्या पाडणे, नवे रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वस्त्या आखणे, अशी त्याच्या कार्याची मुख्य अंगे होती.

दादर, माटुंगा, वडाळा व शीव या गावांच्या जमिनींसाठी १८९९–१९०० मध्ये आखलेली योजना ही मुंबईतील पहिली नियोजित उपनगर योजना होय. सु. ४४० एकर (सु. १७८ हेक्टर) क्षेत्राचा तीत विचार होता. दादर–माटुंगा भागात ६०,०००, शीव–माटुंगा भागात तितक्याच आणि शिवडी–वडाळा भागात ८५,००० लोकांची सोय व्हावी, असा अंदाज होता. म्हणजेच सु. दोन लाख लोकांना, त्या वेळच्या शहराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक लोकसंख्येला, येथे जागा मिळावयाची होती. मंडळाच्या कारभारात दादर–माटुंगा ही पाचव्या व शीव–माटुंगा ही सहाव्या क्रमांकाची योजना म्हणून ओळखली जाते.

योजनेचे काम सावकाश झाले. शेतजमिनींचे संपादन, भरपाईविषयीचे वाद, सखल भागांत भराव, गटारे व रस्ते यांत पहिली दोन दशके गेली. परळहून उत्तरेकडे जाणारा मुख्य रस्ता पूर्वी व्हिन्सेंट रोड म्हणून ओळखला जाई. त्याचे आजचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग असे आहे. त्याच्या उत्तर भागातील मोठे वर्तुळाकार उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल (आता माहेश्वरी उद्यान). दादर व माटुंगा यांच्या सीमेवरील पाच उद्यानांचा समूह हे योजनेचे दुसरे ठळक वैशिष्ट्य होय. विश्वस्त मंडळाने भूखंड विकले नाहीत, तर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे बांधकामाच्या अटी पट्ट्यातच घालता आल्या. घरांची उंची, मजले व भोवतीची मोकळी जागा ही त्यांनी ठरवून दिलेली होती. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुरस्कारलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम या संदर्भात प्रसिद्ध आहे. भिंतीच्या पायथ्याशी प्रकाश पोहोचावा म्हणून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करणारी नसावी, असा त्याचा आशय. व्यवहारात इमारतीची उंची समोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, असा त्याचा अर्थ होतो. माटुंग्यातील जुन्या गल्ल्यांत आजही जाणवणारा उजेड या हिशेबातून आलेला आहे.

भूखंडांना आरंभी फारशी मागणी नव्हती. शहरातील कामाची ठिकाणे दूर होती आणि बंगल्यांची हौस असणाऱ्या श्रीमंतांना मलबार हिलसारख्या जागा उपलब्ध होत्या. पहिल्या महायुद्धानंतर घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली, ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत आली, लोहमार्गांचे विद्युतीकरण १९२५ पासून सुरू झाले आणि मग भूखंड भराभर उचलले गेले. विश्वस्त मंडळाचे काम १९३३ मध्ये महापालिकेकडे सोपविण्यात आले, तोवर वस्तीचा मुख्य आराखडा भरत आला होता. मूळ आराखड्यात कल्पिलेले बागांतले बंगले मात्र फारसे उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी तीन-चार मजली भाड्याच्या इमारती आल्या. चाळीत एका खोलीपुढे सामाईक सज्जा व मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप असे. नव्या इमारतींत मात्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप घरातच आले. अशा घराला मुंबईच्या मराठीत ‘ब्लॉक’ हा शब्द रूढ झाला. शौचकूप घरात असणे त्या पिढीला सहज पटणारे नव्हते, कारण सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांना ते सोडून होते. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्यात जास्तीत जास्त अंतर ठेवून घराची रचना करण्यात आली आणि मध्यमवर्गाने ती स्वीकारली. चाळीहून वेगळी अशी ही कुटुंबापुरती बंदिस्त घररचना मुंबईत सर्वत्र पसरण्यात दादर–माटुंग्याचा वाटा मोठा आहे.

लोकसमूह : सुधारणा मंडळाने दाटीतल्या लोकांसाठी आखलेल्या या वस्तीत दाटीतले गरीब लोक थोडेच आले, तेथील भाडे त्यांना परवडणारे नव्हते. भाडे देऊ शकणारा, पण स्वतःचे घर बांधू न शकणारा इंग्रजी शिकलेला पगारदार वर्ग येथे येऊन राहिला. निरनिराळ्या समाजांनी एकत्र राहण्याची सोय शोधल्याने वस्तीचे समाजवार पुंजके तयार झाले. विश्वस्त मंडळातील अभियंते मंचरजी एदलजी जोशी यांच्या प्रयत्नाने मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखले गेले व त्यांतून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. पाच उद्यानांना पुढे त्यांचे नाव देण्यात आले. शेजारच्या हिंदू कॉलनीत मराठी मध्यमवर्ग बहुसंख्येने राहू लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘राजगृह’ हे निवासस्थान याच कॉलनीत आहे.

माटुंग्याची खरी ओळख बनली ती दाक्षिणात्य समाजामुळे. पहिल्या महायुद्धानंतर रेल्वे, सरकारी कचेऱ्या, बँका व व्यापारी पेढ्या यांना इंग्रजी लिहिणारे, लघुलेखन व टंकलेखन जाणणारे कारकून मोठ्या संख्येने हवे होते. मद्रास इलाख्यात इंग्रजी शिक्षण लवकर पसरले होते. त्या मानाने तेथे नोकऱ्या थोड्या होत्या. तंजावर, तिरुनेलवेली, पालघाट या भागांतून तरुण मुंबईस येत, प्रथम खानावळीत वा नातेवाइकांकडे उतरत आणि नोकरी स्थिर झाल्यावर कुटुंब आणीत. कानडी व तुळू भाषकांत कारकुनांबरोबर उपाहारगृहांचे चालकही होते. मुंबईच्या बोलीत या सर्वांना सरसकट ‘मद्रासी’ म्हटले जाई. प्रत्यक्षात तमिळ, मलयाळम्, कन्नड, तेलुगू, तुळू व कोकणी या भाषा बोलणारे आणि आपापल्या वेगळ्या संस्था असणारे ते निरनिराळे समाज होते. त्यांच्या संस्थांवरून हे दिसून येते. म्हैसूर असोसिएशनची स्थापना १९२६ ची. मुख्यतः तमिळ भाषकांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, एम्. व्ही. वेंकटेश्वरन हे तिचे संस्थापक होत. आस्तिक समाजाचे मंदिर, शंकर मठ, वैश्यांचे कन्यका परमेश्वरीचे मंदिर, पश्चिम भागातील कर्नाटक संघ आणि गौड सारस्वत ब्राह्मणांचा किंग्ज सर्कल येथील गणेशोत्सव ही अन्य उदाहरणे होत. भरतनाट्याचे शिक्षण देणारे श्रीराजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिर १९४५ मध्ये येथे सुरू झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या श्रीषण्मुखानंद संगीत सभेचे भव्य सभागृह १९६३ मध्ये किंग्ज सर्कलजवळ बांधून पूर्ण झाले. १९९० मध्ये ते आगीत जळाले व १९९८ मध्ये पुन्हा खुले झाले. कर्नाटक संगीताबरोबर हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीही तेथे होत आल्या आहेत.

स्थानकाजवळच्या बाजारात केळीची पाने, शेवगा, कढीपत्ता, ओटी-पूजेचे साहित्य आणि फुलांच्या गुंफलेल्या वेण्या यांची दुकाने दाक्षिणात्य रीतीच्या घरगुती गरजांतून वाढली. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये स्थानकाजवळ सुरू केलेली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही खानावळ व त्याच सुमारास निघालेली अन्य उपाहारगृहे मूळची एकट्या नोकरदारांच्या जेवणासाठी होती. इडली, डोसा, सांबार हे पदार्थ मराठी व गुजराती घरांत नित्याचे झाले, त्याला ही उपाहारगृहे मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.

दाक्षिणात्यांच्या जोडीने व पुढे त्यांच्याहून अधिक संख्येने कच्छी व गुजराती व्यापारी कुटुंबे माटुंग्यात आली. लखमशी नप्पू मार्ग, नप्पू उद्यान ही नावे व जैन मंदिरे यांवरून त्यांचा वावर लक्षात येतो. महाविद्यालयामागील एका रस्त्यावर चित्रपटसृष्टीतील पंजाबी मंडळी राहत. पृथ्वीराज कपूर त्यांपैकी एक. १९४७ च्या फाळणीनंतर माटुंग्याच्या ईशान्येस शीव–कोळीवाडा येथे पंजाबी व सिंधी निर्वासितांची मोठी छावणी वसली. तो भाग आता गुरू तेगबहादूर नगर या नावाने ओळखला जातो.

निरनिराळ्या भाषकांचे हे सहजीवन सर्वकाळ सुरळीत राहिले असे नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन मुंबई त्याची राजधानी झाली; मराठी भाषकांच्या राज्यात त्यांनाच नोकऱ्या दुर्लभ का, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभीच्या आंदोलनाचा रोख मुख्यतः दाक्षिणात्य नोकरदार व उपाहारगृहचालक यांच्यावर होता. दाक्षिणात्यांचे केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माटुंग्यात त्या वर्षांत भीती व ताण होता. पुढे कुटुंबे वाढली, जुन्या भाड्याच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या आणि दाक्षिणात्यांची पुढची पिढी चेंबूर, मुलुंड, डोंबिवली अशा ठिकाणी जाऊन राहिली. मंदिरे, सभागृहे व बाजार मात्र माटुंग्यातच राहिले. सणावारी दूरच्या उपनगरांतून येणाऱ्या जुन्या रहिवाशांमुळे माटुंग्याचे दाक्षिणात्यपण टिकून आहे. वास्तव्य आणि ओळख या दोन गोष्टी येथे वेगळ्या झाल्या आहेत.

कामगारवस्ती : योजनेत न बसणाऱ्या लोकांचेही एक माटुंगा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९१५ मध्ये दोन लोहमार्गांच्या मधल्या जागेत डबे व वाघिणी दुरुस्त करण्याचा कारखाना काढला. तो पुढे मध्य रेल्वेकडे आला व या भागातील सर्वांत मोठा उद्योग ठरला. त्याच्या उत्तरेस, धारावीला लागून, माटुंगा लेबर कॅम्प ही वस्ती आहे. घाटावरून व मराठवाड्यातून आलेले दलित व अन्य श्रमिक, सफाई कामगार, गिरणी व रेल्वे कामगार तेथे राहत. वाटेगाव (जि. सांगली) येथून मुंबईस आलेले अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) या वस्तीत राहिले व कामगार चळवळीत येथेच घडले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. बाबूराव बागूल (१९३०–२००८) हेही लहानपणी नाशिक जिल्ह्यातून येथे आले. जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) व मरण स्वस्त होत आहे (१९६९) या त्यांच्या कथासंग्रहांतील अनुभवविश्वामागे अशा वस्तीतले जीवन आहे. किंग्ज सर्कलपासून लेबर कॅम्प चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकाच नावाखाली एकीकडे प्रकाशाचा कोन मोजून बांधलेली घरे आणि दुसरीकडे नळ व शौचकूप यांसाठी रांगा, ही परिस्थिती अनेक दशके होती. प्लेगनंतरच्या योजनेने दाटी नाहीशी केली नाही. तिने दाटीची जागा बदलली, हे माटुंग्याच्या या दोन भागांवरून स्पष्ट होते.

शिक्षण व संस्था : मोकळ्या व मोठ्या भूखंडांमुळे माटुंगा हे मुंबईतील एक प्रमुख शिक्षणकेंद्र बनले. १८८७ मध्ये भायखळा येथे स्थापन झालेली व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षणसंस्था १९२३ मध्ये येथे आली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. रामनारायण रुइया महाविद्यालय व शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे गुरुनानक खालसा महाविद्यालय ही १९३७ मधील, तर पोदार वाणिज्य महाविद्यालय १९४१ मधील आहे. रुइया महाविद्यालयात चरित्रकार व इतिहासकार न. र. फाटक यांनी अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ मध्ये सुरू झाला व १९४३ मध्ये माटुंग्यातील स्वतःच्या वास्तूत आला. भारतातील रंग, औषधे व वस्त्र-रसायने या उद्योगांना या विभागाने अनेक तंत्रज्ञ पुरविले. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पश्चिम भागात रुपारेल महाविद्यालय (१९५२) आहे. डॉन बॉस्को शाळा व तिच्या शेजारचे माउलीचे भव्य चर्च (१९५७) ही सेलीशियन पंथीय ख्रिस्ती मिशनची कामे. अनाथ मुले व निराश्रित स्त्रियांसाठीचा श्रद्धानंद महिलाश्रमही माटुंग्यातच आहे. पश्चिम माटुंग्यातील यशवंत नाट्यमंदिर हे अखिल भारतीय मराठी नाट्यपरिषदेचे रंगमंदिर आहे. मध्य रेल्वेचे माटुंगा स्थानक २०१७ पासून सर्वस्वी महिला कर्मचारी चालवितात. असे ते देशातील पहिलेच उपनगरी स्थानक.

लोकसंख्या : माटुंगा हे स्वतंत्र प्रशासकीय एकक नसल्याने त्याची लोकसंख्या महापालिकेच्या दोन विभागांच्या आकड्यांवरून अजमावावी लागते. एफ/उत्तर विभागात (माटुंगा पूर्व, शीव, वडाळा, अँटॉप हिल इ.) २००१ मध्ये ५,२४,३९३ व २०११ मध्ये ५,२९,०३४ लोक होते. जी/उत्तर विभागात (दादर पश्चिम, माहीम, माटुंगा पश्चिम, धारावी इ.) हेच आकडे ५,८२,००७ व ५,९९,०३९ असे आहेत. याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ पर्यंत, म्हणजे सु. ७.६ टक्क्यांनी घटली. जिल्ह्यातील नऊ विभागांपैकी फक्त या दोन विभागांत ती वाढली. उरलेल्या सात विभागांतील घट सु. १२.३ टक्के होती, तर या दोहोंतील एकत्रित वाढ सु. २ टक्के. परिणामी जिल्ह्याच्या लोकसंख्येत या दोन विभागांचा वाटा एक-तृतीयांशाहून (३३.१%) वाढून ३६.६% झाला. दक्षिणेकडील जुने शहर ओसरत असताना त्याचे उत्तर टोक भरलेलेच राहिले, असा याचा अर्थ होतो.

हे आकडे माटुंग्याच्या संदर्भात सावधपणे वाचावे लागतात. एफ/उत्तरमध्ये अँटॉप हिल व वडाळा येथील झोपडपट्ट्या व शासकीय वसाहती येतात, तर जी/उत्तरमध्ये धारावी येते. या विभागांतील दाटी मुख्यतः त्या भागांमुळे आहे. नियोजित माटुंग्यातील घरांची संख्या भूखंड व मजले यांच्या मर्यादेमुळे दीर्घकाळ जवळपास स्थिर राहिली. ही सरासरी माटुंग्याची दोन रूपे एकमेकांत मिसळून टाकते आणि दोहोंपैकी कोणाचेच नेमके चित्र देत नाही. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी न झाल्याने पुढील बदलांचे मोजमाप लांबले.

पुनर्विकास : मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले. पण इमारतींच्या दुरुस्तीत मालकांना स्वारस्य उरले नाही. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा झाला व इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या बांधताना वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. तेव्हापासून माटुंग्यातील तीन-चार मजली घरांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. जुन्या भाडेकरूला त्यांत मालकीचे घर व उद्वाहक मिळतो, मोटारींना तळ मिळतो. त्याचबरोबर इमारतींमधील मोकळे अंतर, झाडे व प्रकाशाचा जुना हिशेब यांना धक्का बसतो. शहराची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वारसास्थळांच्या प्रस्तावित यादीत दादर–माटुंगा परिसरातील नियोजित वसाहतींचा समावेश होता. तिच्यावर रहिवाशांत मतभेद झाले. वसाहतीचे रूप जपावे असे काहींना वाटत होते. मोडकळीस आलेल्या घरात राहणाऱ्यांना मात्र ते जपण्याचा भार आपल्यावरच पडेल अशी भीती होती.

भूरचनेचा प्रश्नही कायम आहे. परळ व शीव यांच्या टेकड्यांमधल्या सखल जमिनीवर भराव घालून ही वस्ती झाली असल्याने किंग्ज सर्कल व गांधी मार्केट या भागांत भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाल्यास पाणी साचते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत याचा तीव्र अनुभव आला. त्यानंतर पंप व मोठ्या पर्जन्यवाहिन्या यांची कामे हाती घेण्यात आली. परंतु उघडी जमीन कमी होत गेल्याने पाणी मुरण्यास जागा उरत नाही.

प्लेगच्या भीतीतून जन्मलेल्या योजनेने माटुंग्याला दिलेली मुख्य देणगी म्हणजे दोन घरांमधील मोकळी जागा. ती जागा कोणाच्या वाट्यास आली व कोणाच्या आली नाही, यावरून माटुंग्याचा शतकभराचा सामाजिक इतिहास कळतो. वाढत्या उंचीच्या इमारतींत ती किती उरते आणि लेबर कॅम्प व धारावीसारख्या शेजारी वस्त्यांच्या पुनर्रचनेत ती किती मिळते, यांवर या भागाचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.